नळी खाली

आमच्या तालुक्याच्या गावात बंदुकांचं एकच दुकान उरलंय, देसाईकाकांचं. काल तिथे जरा टेकलो होतो. वानरं हुसकायला एअरगन हवी म्हणून एक बागायतदार आला. काकांनी भिंतीवरची काढली, त्याच्या खांद्याशी नीट टेकवून दिली, अर्धा तास सगळं शिकवलं. मग त्याने मोबाइल पुढे केला. "काका, इथे बरीच स्वस्त आहे."

काकांनी आकडा वाचला. "एवढ्यात तर मलाही मिळत नाही हो. ते ऑनलाइनवाले शेकड्यांनी उचलतात, थेट गोदामातून पाठवतात. त्यांना ना दुकानाचं भाडं, ना दिवसभर बसणारा माणूस."

बसणारा माणूस म्हणजे ते स्वतःच. माणूस वजा केला की वस्तू स्वस्त होते. चीड येते, पण माझ्या पायातली चप्पलही कुरिअरनेच आलीय; मी कुठल्या तोंडाने बोलू?

बागायतदार ओशाळून पायरी उतरला. काका दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील.

"अहो, घेतलीत की नळी कायम खाली धरा," ते ओरडले. "रिकामी असली तरी! घरात पोरं असतात."

त्याने वळून न बघता हात हलवला. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.