वेरूळ राहिलं, पिशवी पोचली

"चार दिवस संभाजीनगरला जायचं का?" असं वसुधाने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. वेरूळ, देवगिरीचा किल्ला, मटणाचा नान खलिया, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. मग तिने पुढचं वाक्य हळूच टाकलं. "पिशोरला जायचंय आणि शेंद्र्याजवळच्या एका गावात. वेळ उरला तर वेरूळ."

माझी बायको पुण्यात कॉलेजात भूगोल शिकवते आणि पन्नाशी ओलांडल्यावर पीएचडी करायला बसली आहे. तिची पद्धत केस स्टडीची. म्हणजे हजार घरांत फॉर्म वाटत फिरायचं नाही. एखाद-दुसरं गाव धरायचं, तिथल्या पाण्यात, जमिनीत, चुलीपर्यंत शिरायचं आणि त्यातून मोठा प्रश्न समजून घ्यायचा. तिचा प्रश्न असा, की कारखाने आले की गावाचं काय होतं? त्यासाठी तिने दोन गावं समोरासमोर ठेवली होती. एक कारखान्यांच्या कुशीतलं आणि दुसरं पिशोरकडचं, कारखान्याचं वारं न लागलेलं. परतल्यावरच्या सोमवारी पीएचडीच्या समितीपुढे हे मांडायचं होतं. विषय आधी एकदा परत आला होता. आता पुन्हा परत आला तर नाद सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. हे मला सांगितलं नव्हतं. ती बहिणीशी फोनवर बोलत होती, तेव्हा मी ऐकलं. त्यामुळे वेरूळबद्दल मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

शनिवारी सकाळी गाडी काढली. नगरपर्यंत ट्रकांची गर्दी असते, तेव्हा जितक्या लवकर निघाल तितकं बरं. नाश्ता नगर ओलांडल्यावरच करा, आधीची हॉटेलं नुसती महाग आहेत. दुपारी संभाजीनगरात पोचलो, स्टेशनजवळ साधं स्वच्छ हॉटेल घेतलं आणि संध्याकाळी गुलमंडीत चक्कर मारली. गाडी लांब लावून चालत जा, आत आरसा दुमडायलाही जागा नसते. एका दुकानात मी उगाच सतरंज्या उलगडायला लावल्या आणि मग ओशाळून म्हटलं, "नुसतं बघतोय." दुकानदार म्हणाला, "देखो ना साब आरामसे, बघायला कोन नको म्हनतंय." अशा माणसाकडून सतरंजी न घेता बाहेर पडणं मला जमत नाही. ती आता आमच्या गॅलरीत आहे.

रविवारी पिशोर. फुलंब्रीवरून रस्ता बरा आहे, मधे मधे खड्डे. दिवाळी होऊन गेली होती. अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला, त्यामुळे उरलेल्या अर्ध्यावरून दोन्ही बाजूंची वाहनं एकमेकांना वाट देत चालली होती. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं. मला हे फार आवडलं.

वसुधाला तिथे एका ओळखीतून सुमनबाईंचं घर मिळालं होतं. (नावं बदलली आहेत, हा वसुधाचा दंडक.) साठीच्या बाई, नवरा नाही, मुलगा आणि सून शेतात. मका, आलं, थोडी ज्वारी. अंगणात एक काळीभोर म्हैस. वसुधा प्रश्न विचारत होती, मी गोठ्याशी उभा राहून म्हशीशी ओळख वाढवत होतो.

"म्हशी किती?" वसुधाने विचारलं.

"एकच हाय की. ही काय उभी."

वसुधाने टिपलं. विहीर, ठिबक, बाजार, सगळं झालं. चहा झाला. निघताना सुमनबाईंनी विचारलं, "आता इथून कुठं, ताई?" वसुधाने उद्याच्या गावाचं नाव सांगितलं आणि बाईंचा चेहरा उजळला.

"आता! तिथंच तर माझी संगीता दिलीय. थांबा जरा."

त्या आत गेल्या आणि एक फुगलेली पिशवी घेऊन बाहेर आल्या. ज्वारी, आलं, शेंगा आणि वर फडक्यात बांधलेली तुपाची बरणी. तिकडे निघालेला माणूस मोकळ्या हाताने जाऊ द्यायचा नाही, हा गावाकडचा रिवाज आहे आणि त्यात संशोधकांना सूट नाही. वसुधा गडबडली. "अहो, आम्ही कामासाठी चाललोय. सामान नेणं बरं दिसणार नाही."

"काम करा ना तुमी. पिशवी काय आडवी येतीय?"

आणि पिशवी माझ्या हातात आली. गाडीत वसुधा माझ्यावर उखडली. "दोन्ही गावं वेगळी ठेवायची असतात. एकीकडचं दुसरीकडे नेलं की तुलनेला काय अर्थ राहिला?"

"वेगळीच आहे," मी म्हटलं. "डिकीत आहे."

ती फुलंब्रीपर्यंत खिडकीबाहेरचा मका बघत बसली.

सोमवारी जालना रोड. कारखान्यांच्या बसगाड्या सुटायच्या वेळी या रस्त्याला लागू नका. शेंद्र्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला, फक्कड. टपरीवाल्याने वसुधाच्या गळ्यातली शबनम बघितली आणि विचारलं, "कुठल्या कॉलेजच्या, मॅडम? पाण्याचं करता का जमिनीचं?"

"म्हणजे?"

"नाय, लई जण येतात. मागच्या वेळचे पाण्याचं करत होते. पाण्याचं आसंल तर सरपंचाकडं जा, जमिनीचं आसंल तर मी हायच."

मी चहात हसलो. वसुधा हसली नाही.

संगीताचं घर गावाच्या कडेला, पक्कं, गच्चीवर टाकी. सासऱ्यांची बरीचशी जमीन कारखान्यांच्या भूखंडात गेली, नवरा तिथेच शिफ्टमध्ये काम करतो. पिशवी बघून संगीताने आधी तूप काढलं, झाकण उघडून वास घेतला आणि सासूला हाक मारली, "आत्याबाई, आपल्या म्हशीचं तूप आलं." वसुधाचं पेन थांबलं.

"आपल्या म्हशीचं?"

"व्हय. जमीन गेली, चारा कुठून आणायचा इथं? मग आईकडं नेऊन बांधली."

"विकली का नाही?"

"ल्योक पोटात असताना घेतली व्हती ती. विकायची कशाला?"

मग हळूहळू सगळंच निघालं. वसुधा काही विचारतच नव्हती, नुसती ऐकत होती. वर्षाची ज्वारी पिशोरहून येते. पिशोरच्या शेतातलं ठिबक संगीताच्या नवऱ्याच्या बोनसमधून झालं. मका काढायला तो सुट्टी टाकून जातो. सुमनबाईंच्या गोळ्या संभाजीनगरातून जातात. कारखान्याचं वारं न लागलेल्या गावात ते ठिबकच्या नळीतून थेंब थेंब पोचलेलं होतं, आणि वसुधाच्या तक्त्यात या गावची नाहीशी झालेली म्हैस त्या गावच्या खात्यात रवंथ करत उभी होती.

निघताना संगीताने तीच पिशवी आणून दिली. आता तिच्यात आईच्या गोळ्या, भावाच्या पोरांसाठी लहान झालेले पण धडके शर्ट आणि ठिबकचे जोड होते. "रिकामी पिशवी माघारी जात नाय, ताई. तुमी आता पिशोरलाच जाणार ना?"

आम्ही पिशोरला जाणार नव्हतो. वसुधा म्हणाली, "हो."

त्या संध्याकाळी मी जुन्या शहरात नान खलिया खाल्ला. दोघांचं पाचशेच्या आत होतं आणि रस्सा असा, की दुसरा नान मागवावाच लागतो. वसुधाने मात्र नानचे तुकडे केले आणि तसेच ठेवले. "माझी दोन गावं दोन नाहीतच," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी काय सांगू? दोन वर्षं ज्याच्यावर घालवली ते चुकलं म्हणून?" तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. मला संशोधनातलं काही कळत नाही, म्हणून कळतं तेवढंच बोललो. "तू गावं मोजत होतीस. ती माणसं घर मोजतायत. त्यांचं घर दोन गावांत आहे, इतकंच."

तिने ताटली पुढे ओढली. मग नानचा तुकडा रश्श्यात बुडवून म्हणाली, "केस म्हणजे गाव नाही. केस म्हणजे हे घर." तिथूनच तिने मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, जोखीम आहे, समितीला पटवावं लागेल. तरी वसुधाने दुसरा नान मागवला.

मंगळवारी पुन्हा पिशोर. पिशवी पोचवली, सुमनबाईंनी शर्ट एकेक करून सुनेला दाखवले. वसुधाने या खेपेला एकच प्रश्न विचारला, "या दोन घरांत काय काय जातं-येतं?" आणि उत्तर जेवणं होईपर्यंत चाललं. दुपारी परत निघालो तेव्हा कन्नडवरून वळसा घातला, कारण वाटेत वेरूळ लागतं. मला वाटलं, चला, निदान कैलास लेणं. वाचकहो, वेरूळ मंगळवारी बंद असतं. हे आधी बघून निघा. फाटकाबाहेर पेरू खाल्ले, मीठ-तिखट लावून. तेही छान होते.

पुढच्या सोमवारी वसुधा समितीपुढे उभी राहिली आणि मी बाहेर व्हरांड्यात. एकाच घरावरून जिल्ह्याचं काय कळणार, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, "जिल्हा किती बदलला ते कळणार नाही. बदल कुठल्या वाटेने येतो आणि जातो ते कळेल. गावाच्या हद्दीवर थांबलं की ती वाटच दिसत नाही." अशी आणखी काही घरं शोधा, या अटीवर विषय मंजूर झाला.

एका सदस्यांनी तिच्या मांडणीतल्या एका वाक्यावर बोट ठेवलं होतं: 'संशोधकाने या कुटुंबाच्या वस्तू पोचवल्या असून स्वतःही ज्वारी, आलं आणि तूप स्वीकारलं आहे.' हे लिहायची गरज आहे का, असं त्यांनी विचारलं. वसुधा म्हणाली, "आहे. आता मीही त्या वाटेवर आहे."

ते खरंच होतं. मंगळवारी निघताना सुमनबाईंनी पिशवी पुन्हा भरून आमच्याच गाडीत ठेवली होती. तूप संपलं. आलं चहात रोज पडतंय. पिशवी धुऊन, घडी करून फ्रीजवर ठेवली आहे आणि काल रात्री जेवताना माझी पीएचडीवाली बायको मला विचारत होती, "पुण्याहून पिशोरला न्यायला काय बरं राहील?"