आईचा डावा हात

मंगळवारी सोलापूरला एका हॉस्पिटलात माझं डोकं असं तापलं की अजून थंड झालेलं नाही. म्हणून लिहितेय. वाचून आमच्या नातेवाइकांपैकी कुणाला राग आला तर येऊ दे...

आई आमच्या गावी, बेंबळीत, ब्लाऊज शिवते. मागच्या महिन्यात मशीनवर बसलेली असतानाच तिला फिट आली आणि तपासणीत मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशनआधी मेंदूचा नकाशा काढू, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे एमआरआयमध्ये झोपवून बोटं हलवायला लावतात, तळहातावर ब्रश फिरवतात... मेंदूचा कुठला भाग हात हलवतो, कुठल्या भागाला स्पर्श कळतो, ते त्यात दिसतं.

डॉक्टरांनी आईला नीट समजावलं. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते. गाठ पूर्ण काढली तर डावा हात कदाचित कायमचा अधू होईल. थोडी ठेवली तर हात वाचेल, पण ती पुन्हा वाढू शकते. "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी आईला विचारलं. आईला!

उत्तर दिलं मामानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं. "काढा की पूर्ण. डावाच हात हाय, त्याचं काय एवढं? आमची बाई उजवी हाय." आई मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली.

आणि मी? गाठ पूर्ण निघतेय, एवढंच मला ऐकू आलं होतं. शिवाय फॉर्म मीच भरला होता... पेशंट कोणत्या हाताने जेवतो? मी लिहिलं, उजव्या. खोटं नव्हतं ते. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आईला मार बसायचा, म्हणून ती उजव्यानं जेवायला शिकली. पण कात्री आणि सुई? ती कायम डाव्या हातात. जन्मभर समोर बसून बघितलंय मी.

एमआरआयच्या मशीनमध्ये जाण्याआधी तिथली टेक्निशियन मुलगी सराव करून घेत होती. अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. आईचा उजवा हात अडखळत होता आणि डावा भराभर चालला होता... मुलीनं फॉर्म बघितला, मग आईला विचारलं, "मावशी, काम काय करता? कात्री कुठल्या हातात धरता?"

आईनं आधी मामाकडं बघितलं. "डाव्यात... पण जेवते म्या उजव्यानंच, हां." चोरी पकडल्यासारखं बोलली. साठीची बाई!

"कशाला सांगतीस ते?" मामा पुटपुटला. पोरगी डावरी कळलं तर लग्न जमायचं नाही, म्हणून आईच्या लग्नाच्या वेळी लपवलेलं. अहो, आता कुणाचं लग्न मोडणार आहे? मी तिथंच मामावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. खरं तर निम्मं ओरडणं माझ्यावरच होतं.

नकाशा निघाला. डावा हात हलवणारा भाग गाठीला अगदी चिकटून होता. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मामानं पुन्हा तोंड उघडलं.

"दादा, तुमी थांबा," आई म्हणाली. मग डॉक्टरांकडं वळली. "उजव्या हातानं म्या नुसती जेवते, सायेब. पोट डाव्यावर चालतंय माजं. थोडी गाठ ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या. हात ठेवा."

तिचं बरोबर की चूक, मला माहीत नाही. भीती रोज वाटते. पण मेंदू तिचा, हात तिचा... तर उत्तर देणारे आम्ही कोण? तुमच्या घरातल्या पेशंटला डॉक्टरांनी काही विचारलं, तर कृपा करून तोंड बंद ठेवा. त्या टेक्निशियन मुलीचं नावही विचारायचं राहिलं. तिचे उपकार कसे फेडू?

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. काल मामा भेटायला आला. आईनं चहा केला आणि कप त्याच्यापुढं धरला... डाव्या हातानं. मामानं कपाकडं बघितलं, आईकडं बघितलं. आई हात मागं घेईना.

शेवटी घेतला त्यानं.