पोटातला आवाज

"पोटातून काढ," असं म्हणून तो स्वतःच्या पोटावर तळवा थापटायचा. "गळ्यातून ओरडशील तर घसा बसेल. आवाज पोटातून यायला पाहिजे."

हे तो मला ऑफिसच्या कॅफेटेरियात, पोळीभाजीचा डबा उघडता उघडता सांगायचा. मला कुठेही ओरडायचं नसायचं, तरी सांगायचा.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही एका इन्शुरन्स कंपनीत होतो. तो टेस्टिंग टीमचा लीड, मूळचा नागपूरचा. मीटिंगमध्ये इतकं हळू बोलायचा, की कॉलवरचे लोक विचारायचे, "तू म्यूटवर आहेस का?" असा माणूस शनिवारी दाढीची वेणी घालून, अंगावर फरची कातडी पांघरून स्टेजवर डरकाळ्या फोडतो, हे तुम्हाला सांगून खरं वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं. मी बघायला गेले आणि पहिल्या गाण्यालाच दोन पावलं मागे सरकले.

त्या संगीताला वायकिंग मेटल म्हणतात. कानठळ्या बसवणारी गिटार, घोड्यांच्या टापांसारखे ड्रम आणि गाण्यांत उत्तरेकडचे जुने देव, लांडगे, जहाजं. बँडचं नाव जुन्या नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडच्या वायकिंगांच्या भाषेतलं होतं. मला ते कधीच नीट म्हणता आलं नाही. गिटार वाजवणारा डेल हा एअर कंडिशनर दुरुस्त करायचा, ताडमाड माणूस. दोघांची ओळख गिटारच्या दुकानात झाली आणि डेलच्या गॅरेजमध्ये बँड उभा राहिला. सुरुवातीला समोर त्यांच्या बायका आणि बारमध्ये चुकून आलेले चार लोक असायचे. मग व्हॅनमधून क्लीव्हलँड, पिट्सबर्ग. सोमवारी हा डोळे चोळत ऑफिसात, सकाळच्या स्टँडअप मीटिंगला हजर. पहिला अल्बम गॅरेजमध्येच झाला. दुसरा आला तेव्हा लोक त्यांची गाणी तोंडपाठ म्हणायला लागले होते. चाहत्यांनी त्याला प्यायचं एक शिंग भेट दिलं होतं. त्यातून तो मठ्ठा प्यायचा.

एका उन्हाळ्यात त्याची आई नागपूरहून आली. तो त्यांना मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमाला घेऊन गेला. काकू कानात कापूस घालून पहिल्या रांगेत, फोल्डिंगच्या खुर्चीवर बसल्या. मागे गोंदवलेले दंड आणि काळे टी-शर्ट. कार्यक्रम संपल्यावर तो घामाघूम होऊन आला तर म्हणाल्या, "काहून रे, एवढा कोणावर चिडला होता?"

तो हसला आणि गवतावर त्यांच्या पायांशी बसला. शेवटचं गाणं कशाचं होतं ते त्यानं सांगितलं. बाल्डर नावाचा सगळ्यांचा लाडका देव. त्याला मरणाची स्वप्नं पडायला लागली, तेव्हा त्याच्या आईनं जगातल्या प्रत्येक वस्तूकडून वचन घेतलं, की माझ्या मुलाला इजा करायची नाही. दगडाकडून, लोखंडाकडून, आजारांकडूनही. एक कोवळं झुडूप तेवढं राहिलं. त्याच्याच काडीनं बाल्डर गेला.

काकू बराच वेळ कापसाचे बोळे बोटांत चुरत राहिल्या. "तिले कोणी आठवण करून नाही दिली का रे?" एवढंच म्हणाल्या.

त्याच वर्षाअखेर नॉर्वेतल्या एका मोठ्या महोत्सवाचं आमंत्रण आलं. तो डेस्कपाशी येऊन कुजबुजला, "यार, त्यांच्या देवांची गाणी आम्ही त्यांच्याच गावात म्हणणार." मला वाटलं, नेहमीसारखाच हळू बोलतोय. नीट ऐकलं तर आवाज खरखरत होता. "प्रॅक्टिस जास्त झाली," तो म्हणाला. जानेवारीतही आवाज खरखरतच होता. मग बायकोनं जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं.

कॅन्सर स्वरयंत्रात होता. संपूर्ण स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

डेल म्हणाला, नॉर्वे कॅन्सल. हा म्हणाला, "जायचं. गाणारं माणूस मी तयार करतो." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो लेकीशी दिवसभर बोलत होता. ती सहावीत. मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देणारी. त्या दिवशी, त्याची बायको सांगत होती, ती एकेक शब्द शोधून त्याच्याशी मराठीत बोलली.

नंतर त्याच्या गळ्याला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर पांढरी जाळी. ऑफिसात तो चॅटवर बोलायचा. आणि प्रत्येक रविवारी डेलच्या गॅरेजमध्ये जायचा.

मेगन नावाची, दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई गायला आली होती. आवाज चांगला, पण गळ्यातून काढायची. एका रविवारी मी त्याला गाडीनं सोडायला गेले होते. तो मान हलवत राहिला. सांगता येईना. पाटीवर लिहिलं, पुसलं. शेवटी त्यानं तिचा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि तोंड उघडून पूर्ण ताकदीनं गायला. तोंडातून काहीच आलं नाही. गळ्याच्या जाळीतून नुसता वारा सुटला. मेगनचा हात मात्र हलत होता. तिनं डोळे मिटले, तो हात तिथेच ठेवून गायला लागली, आणि गॅरेजचं पत्र्याचं दार थरथरलं. डेल गिटार खाली ठेवून बाहेर निघून गेला.

उन्हाळ्यात ते नॉर्वेला गेले. डॉक्टरांनी त्याला परवानगी दिली नाही. गाठ परत दिसली होती. आम्ही त्याच्या घरी टीव्हीवर बघितलं. डोंगर, धुकं, हजारो माणसं. मेगननं बाल्डरचं गाणं म्हटलं. तो प्रत्येक शब्दाला ओठ हलवत होता, हसत होता, आम्हाला अंगठा दाखवत होता. गाणं संपलं तसा उठून स्वयंपाकघरात गेला. मी पाणी आणायला आत गेले तर तो ओट्याला टेकून रडत होता. खांदे गदगदत होते आणि घरात कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. रडायलाही आवाज लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

थंडीत तो गेला. काकू आल्या होत्या, शेवटचे काही आठवडे त्याच्या उशाशी होत्या.

इथल्या दहनगृहात शवपेटी चाकांच्या गाड्यावरून नेतात. काकू उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गाड्यावर नाही. खांदा द्या त्याले." मी ते इंग्रजीत सांगितलं. डेल आणि बाकीचे पुढे आले. आमची माणसं अनवाणी आहेत हे बघून त्यांनीही बूट काढले आणि पेटी खांद्यावर घेतली. भट्टीच्या दारापर्यंत चार-सहा पावलंच होती. ती संपू नयेत म्हणून ते अगदी हळू चालले.

बाहेर आलो तर बर्फ पडत होतं. डेल हातात बूट धरून उभा होता. "आता काय करायचं असतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. घरी जायचं," मी म्हटलं. "फक्त मागे वळून बघायचं नाही."

त्यानं मान हलवली आणि चालायला लागला. त्याचा ट्रक मागच्या बाजूला, इमारतीला लागूनच उभा होता. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण रस्त्यापाशी पोचल्यावर तो थांबला. पण वळला नाही. आमच्याकडे पाठ करून, बर्फात अनवाणी उभा राहिला, त्याची बायको ट्रक घेऊन येईपर्यंत.