एम.ए.च्या वर्षातली मारामारी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एक अख्खा पेपर एकाच इंग्रज नाटककाराचा होता. माणूस चारशे वर्षांपूर्वीचा, पण त्याच्या शोकांतिका वाचताना अंगावर काटा यायचा. भोसकणं, विष घालणं, गळा दाबणं. शेवटच्या अंकात प्रेतांना रंगमंच पुरायचा नाही. आमचे सर ते खर्जातल्या आवाजात वाचून दाखवायचे आणि खून पार पडला की शांतपणे चष्मा पुसायचे.

इंदूरजवळचं आमचं शहर हिंदी बोलणारं. वर्गात आम्ही सात जण. मराठी बोलणाऱ्या दोघीच: मी, आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शहरातल्याच नानाखेडा भागात सासर असलेली एक मुलगी. महिन्याभरात ती माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तिच्या मनगटावर, कधी मानेवर काळेनिळे डाग असायचे. विचारलं की म्हणायची, "स्कूटीवरून पडले गं." तिला स्कूटी चालवताच येत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

सेमिनारसाठी तिनं संशयी नवऱ्याच्या हातून मरणाऱ्या बायकोचा विषय घेतला. वाचून झाल्यावर तिनं सरांना विचारलं, "सर, ये औरत दरवाज़ा खोलकर भागती क्यों नहीं?"

सर हसले. "बेटा, परीक्षा में हीरो पर पूछते हैं. उसकी गलती क्या थी, वो लिखो."

वर्ग हसला. मीही हसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही देवास गेटला नोट्सची झेरॉक्स काढायला गेलो. घरी तिनं लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं होतं. तिचा नवरा औषधांच्या कंपनीत एमआर होता. नेमका तेव्हाच तो समोरच्या बस अड्ड्यातून बाहेर पडला. रस्ता ओलांडून आला, तिच्या हातातला कागदांचा गठ्ठा हिसकावून नालीत फेकला आणि तिचा अंबाडा धरून तिचं डोकं एका बंद दुकानाच्या शटरवर आपटलं. पुन्हा आपटलं.

"ही लायब्ररी? ही?"

रसवाला, ऑटोवाले, सगळे बघत उभे. "मियाँ-बीवी का मामला है, भैया," कोणीतरी म्हणालं. मी त्याचा शर्ट ओढला, तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. माझ्या पिशवीत पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली होती. ती मी त्याच्या कानाखाली हाणली.

तो मटकन खाली बसला. तिथं मी थांबायला हवं होतं. मी दुसऱ्यांदा मारलं, खांद्याजवळ, आणि आतलं हाड मोडल्याचं मला तळहाताला जाणवलं. तिसऱ्यांदा तोंडावर मारलं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. डोकं इतकं स्वच्छ कधीच झालं नव्हतं. चौथ्यांदा हात उचलला, तेवढ्यात तिनं मागून मला घट्ट मिठी मारली. तिच्या कपाळाचं रक्त माझ्या मानेवर ओघळत होतं.

"सोड त्याला! मरेल तो!"

कोणीतरी पोलिसांना बोलावलं. ठाण्यात हवालदारानं तिला विचारलं, "बोलो, मारता है ये?"

ती फरशीकडे बघत म्हणाली, "नहीं. मैं गिर गई थी."

झालं, गुन्हेगार मीच ठरले. बाबा माधव नगरच्या आमच्या घरून घरातल्या चपलांवरच धावत आले आणि त्या माणसापुढे हात जोडून उभे राहिले. मी माफीनामा लिहिला. नाकाला टॉवेल लावून तो म्हणाला, "लेडीज़ ने मारा, इसकी क्या रपट लिखवाऊँ?" घरी येताना बाबा एवढंच बोलले, "ओठाला हळद लाव."

त्यानंतर ती वर्गात आली नाही. फोन बंद. थेट परीक्षेला आली, आईबरोबर, इंदूरहून. जरा लंगडत होती. पेपर सुटल्यावर आवारातल्या कडुलिंबाखाली बसून तिनं सांगितलं, "त्या दिवशी घरी नेऊन तुझ्यावरचा सगळा राग त्यानं माझ्यावर काढला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून लाथांनी. आठव्या दिवशी तो दुपारी झोपला, तेव्हा पर्स घेतली आणि इंदूरची बस पकडली."

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"त्याच्यामुळे झालं. पण तू एकदा मारून थांबायला हवं होतंस."

तिची आई मला डब्यातला पराठा देत होती. तो मी तसाच रुमालात बांधून घरी नेला.

पुढे इंदूरच्या कोर्टात तिनं घटस्फोटासाठी केस केली आणि मी साक्षीला गेले. आमच्या वकिलांनी बजावलं होतं, एकदाच मारलं म्हणायचं, धक्काबुक्कीत लागलं म्हणायचं. त्याच्या वकिलानं विचारलं, "आपने कितनी बार मारा?"

"तीन बार," मी म्हणाले. "और रोका न होता तो और मारती."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यानं केस बिघडली नाही, लांबली मात्र. तिच्या हाडांचे एक्स-रे, शेजारणीची साक्ष, असं करत दोन वर्षं गेली. मधल्या काळात ती एम.ए. झाली आणि एका शाळेत इंग्रजी शिकवू लागली.

घटस्फोट मिळाला त्या दिवशी तिचा फोन आला. "झालं," म्हणाली आणि रडायला लागली. तिचं रडणं थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून बसून राहिले.