पेणचा बदाम, रोह्याचा बदाम

पेणपासून रोह्यापर्यंत आमचे आतोबा ज्याच्यावर रागावले नाहीत असा एक माणूस दाखवा, मी त्याला माझ्या खर्चाने मासळीचं जेवण घालीन. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. उंचीने बेताचे, सदऱ्यावर रंगाचे शिंतोडे, कानावर ब्रश आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी फसवून गेलंय असा भाव. घरालगत त्यांचा गणपतीचा छोटा कारखाना आहे, आणि मूर्तीचे डोळे आखायला बसले की याच माणसाच्या हातून इतकी शांत नजर उतरते की बघणाऱ्याला वाटावं, हा जन्मात कुणावर ओरडला नसेल. डोळे आखून झाले, ब्रश कानावर गेला, की ओरडणं सुरू. बरं, हा संताप स्वतःसाठी कधीच नसतो. स्वतःची सायकल चोरीला गेली तेव्हा ‘जाऊ दे, नेणाऱ्याला गरज असंल,’ एवढंच म्हणाले. त्यांचा सगळा संताप दारातल्या बदामाच्या झाडासाठी राखून ठेवलेला असतो. बदाम म्हणजे खिरीतला नव्हे. आपला रस्तोरस्ती दिसणारा, मोठ्या पानांचा, ज्याची फळं पोरं दगडाने फोडून खातात तो.

त्याचं असं आहे. आत्याने फार वर्षांपूर्वी एकाच झाडाच्या दोन बिया रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावल्या. दोन्ही रुजल्या. पुढे माझी आतेबहीण लग्न होऊन रोह्याला गेली, तेव्हा पाठवणीच्या टेम्पोत कपाट, भांडी यांच्याबरोबर त्यातला एक डबाही गेला. दुसरं रोप पेणला दारात लावलं. रोह्याचं झाड आज व्याह्यांच्या घरापेक्षा उंच आहे. मजल्यावर मजले चढवावेत तशा त्याच्या फांद्या, खाली मोटारसायकली, वर वटवाघळं आणि मधे सगळ्या आळीची सावली. पेणचं झाड मात्र कारखान्याच्या पत्र्यापाशी येऊन जे थांबलं ते थांबलंच. पान तळहाताएवढं, आणि तेही बारा महिने लालभडक. बदामाचं पान गळायच्या आधी लाल होतं हे ठीक. पण आमच्या झाडाची सदा गळायचीच तयारी. एकाच आईची दोन लेकरं, एक पैलवान आणि एक कायमचं आजारी, हे आतोबांच्या डोक्यातून जात नाही.

म्हणून ते रोह्याला निघाले की पेणच्या बदामाचं एक पान खिशात घालून नेतात. मी नागोठण्याला कंपनीत कामाला आहे. माझी दुपारची शिफ्ट असली की आम्ही एकाच गाडीला असतो, आणि तो प्रवास म्हणजे शिक्षा असते. आतोबा खिडकीशी बसतात आणि दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या प्रत्येक झाडाचा पंचनामा करतात. पनवेलचा गुलमोहर उथळ, घाईघाईने फुलून मोकळा होतो. अलिबागचा बदाम ऐसपैस, कारण तिथल्या माणसांना कसली घाई नाही. ठाण्यातली मोठमोठी झाडं आतून पोकळ, कारण त्यांना फरशीने गळ्यापर्यंत आवळलेलं. “माणसाला पाय लांब करायला जागा लागते आणि झाडाला नको काय रे?” असं ते समोरच्या अनोळखी प्रवाशाला दरडावून विचारतात. तो बिचारा पाय आखडून घेतो. एकदा एकाने शेंगा खाता खाता ‘माती वेगळी असंल’ एवढंच म्हटलं, तर नागोठणं येईपर्यंत त्याला शेंग सोलता आली नाही. मी उतरलो तरी ते खिडकीतून ओरडून सांगतात, “पुढं निडीला बघ एकदा! ठेसनावर उतरत नाय कुत्रं, पण झाड बघ कसं माजलंय! कोण पाणी घालतंय त्याला?” गाडी हलते आणि फलाटावरचे लोक माझ्याकडे बघतात, जसं काही निडीच्या झाडाला मीच पाणी घातलं.

रोह्याला पोचल्यावर घरात पाऊल टाकायच्या आधी ते झाडाखाली उभे राहतात, खिशातलं पान काढतात आणि त्यावर तिथलं पान ठेवतात. रोह्याच्या पानाखाली पेणचं पान झाकून जातं. मग व्याह्यांची उलटतपासणी. व्याही म्हणजे अत्यंत सज्जन गृहस्थ. “खरं सांगा, याला काय घालता?” या प्रश्नाला त्यांनी एवढ्या वर्षांत एकच उत्तर दिलंय: “पाव्हणं, शपथेवर सांगतो, मी त्याच्याखाली फक्त मोटारसायकल घालतो.” आतोबांचा विश्वास बसत नाही. कधी ते म्हणतात कुंडलिका नदीचा गाळ चोरून आणून टाकतात. कधी म्हणतात रोह्याला कारखाने आहेत, त्या धुरातच काहीतरी खत असणार. माझी आतेबहीण चहा घेऊन दारात उभी असते आणि म्हणते, “बाबा, आधी झाड, मग मी. बरोबर ना?” आतोबा चहा घेतात, पण नजर वरच.

पेणमधल्या गुन्हेगारांची यादी तर मोठीच. पहिला गुन्हेगार धरमतरच्या खाडीवरून येणारा खारा वारा. बदाम हे खाऱ्या वाऱ्यावरच पोसणारं झाड आहे, असं मी एकदा बोललो आणि दोन दिवाळ्या त्यांनी मला फराळाला बोलावलं नाही. दुसरे गुन्हेगार पावसाआधी तारांखालच्या फांद्या तोडायला येणारे. तिसरे खोडाला खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावणारे. आणि यात मी पूर्णपणे आतोबांच्या बाजूने आहे. शिकवणी इंग्रजीची आणि खिळा झाडाच्या बरगडीत, ही कुठली विद्या? आतोबांनी एका क्लासवाल्याच्या दारावर त्याचाच खिळा ठोकून परत केला, तेव्हा हातोडी मीच आणून दिली होती.

आणि एवढं असून आपल्या झाडाला काही कमी पडू देत नाही, याचा त्यांना कोण अभिमान! कारखान्यातली घमेली, बादल्या, ब्रश धुतलेलं दुधासारखं पांढरं पाणी, कधी गुलाबी, कधी निळं, ते कुणालाही गटारात ओतू देत नसत. आमच्याकडे गणपतीच्या अंगाचं पाणी पायदळी जात नसे. ते झाडाच्या मुळाशी जाई. कामाला नवा आलेला माणूस बादली घेऊन गटाराकडे वळला की आतून गर्जना होई, “देवाचं पाणी हाय ते! बदामाला घाल!” त्याने बुंध्याशी पांढरं पडे, म्हणून आत्या दरवर्षी गिऱ्हाइकं यायच्या आधी त्यावर लाल माती पसरून छान सारखं करी. “जे पाणी याला मिळतं ते रोह्याच्या झाडाला सात जन्मांत मिळायचं नाय,” असं आतोबा म्हणत, आणि नंतर लगेच, “तरी बघ कसं हाय,” असं म्हणून खाडीच्या दिशेने डोळे वटारत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत गटाराचं काम निघालं. आखलेली रेघ बरोबर बदामाच्या बुंध्यावरून गेली. ठेकेदाराचा मुकादम झाडाकडे बघून म्हणाला, “बाबा, याच्यात काय राहिलंय नाय. काढून टाकू. तुमाला पन जागा व्हईल.”

“तुझ्या घरातली आजारी माणसं अशीच काढून टाकतोस काय रे?” आतोबा म्हणाले, आणि प्लास्टिकची खुर्ची आणून बुंध्याला टेकून बसले. डोळे आखायच्या मूर्ती आत खोळंबल्या. आत्या जेवायचं ताट तिथंच आणून देऊ लागली. मुकादम माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “बरं, बाजूनं खणून बघतो. मुळं आडवी नसली तर गटार वळवू.” मी रजा टाकून तिथं उभा होतो, कारण आतोबा कुणाला तरी मारतील अशी मला भीती वाटत होती.

पहार पडली आणि टणकन आवाज झाला. खाली दगड नव्हता. मुकादमाने माती ओढली, तर बुंध्याभोवती चपात्यांची चवड ठेवावी तसे थर. पांढरा, त्यावर मातीची लाल रेघ, मग गुलाबी झाक, परत लाल, परत पांढरा, मग निळा. सगळं घट्ट, सिमेंटसारखं. आणि त्या थरांत मुळं जिथल्या तिथं वळून गोळा झालेली, थेंबभर पाण्यासाठी आत-बाहेर शोधत.

“प्लास्टर हाय हे,” मुकादम म्हणाला. “कुनी ओतलं एवढं?”

आतोबा खुर्चीतून उठले, खाली बसले आणि निळ्या थरावर बोट ठेवून म्हणाले, “हा बाळकृष्णाचा निळा. त्या साली सगळ्यांना बाळकृष्णाच्या रूपातला गणपती पायजे होता.” मग गुलाबीवर बोट. “हे शेल्याचं.” ज्या माणसाने खाडीला, वाऱ्याला, तारांना, रोह्याला आणि निडीलासुद्धा दोष दिला, त्याच्याकडे आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाचातरी, कुणाचाही, राग यावा असं फार वाटलं. पण कुणाचा येणार? आत्या पदराने हात पुसत म्हणाली, “माती तर मीच वरून घालत होते. मला तरी कुठं कळलं.”

“गप गो,” आतोबा हळूच म्हणाले. “जे दिलं ते वाढलं. जे जवळ ठेवलं, ते मी देवाचं पाणी पाजून पाजून मारलं.”

मग ते आत गेले आणि आपली पटाशी-हातोडी घेऊन आले. तो थर त्यांनी कुणाला पहारीने फोडू दिला नाही. मूर्तीच्या बोटांमधलं प्लास्टर काढावं तसा मुळांच्या मधून तो एकेक कपचा करत काढला. कारखान्यातली माणसंही येऊन बसली. मुकादमाने ते सगळं बघितलं आणि आखणीची दोरी बाजूला सरकवली. आमच्या गल्लीतल्या गटाराला बदामापाशी आता एक वळण आहे. धुण्याचं पाणी हल्ली एका टाकीत साठतं. खाली बसलेला गाळ आतोबा स्वतः उचलतात. झाडाला छळणाऱ्यांवर ओरडणं मात्र चालू आहे, पण त्यात पूर्वीचा जोर नाही. मला तो जोर आठवतो आणि चुकल्यासारखं होतं.

पावसानंतर आम्ही पुन्हा एकत्र रोह्याला गेलो. या वेळी मी नागोठण्याला उतरलो नाही. निडीला त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, पण काही म्हणाले नाहीत. व्याही दारातच होते. आतोबांनी खिशातून पान काढलं. हिरवं होतं. रोह्याच्या पानाच्या निम्म्याएवढंही नसेल, पण हिरवं.

“काय पाव्हणं, आज माप नाय?” व्याह्यांनी विचारलं.

“माप कसलं,” आतोबा म्हणाले. “भावंडाला दाखवायला आणलंय.”

तेवढ्यात माझी आतेबहीण नेहमीसारखी चहा घेऊन दारात आली, आणि नेहमीचं वाक्य बोलणार तोच आतोबांनी झाडावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिले. मूर्तीचे डोळे आखायच्या आधी बघतात तसं. मग म्हणाले, “तू बरी हायस ना गो?”

“इतकी वर्षं झाड बघून जाताय बाबा,” ती म्हणाली, “त्याच्याकडं बघून कळलं नाय तुम्हाला, मी पण इथं रुजलेय ते?”

आतोबांनी चपला काढल्या आणि इतक्या खेपांत पहिल्यांदा, चहा प्यायला, ते घरात जाऊन बसले.