सिस्टर पिंपळखुटे आणि नोएलभाऊंची मोटर

शोभनाताई पिंपळखुटे यांनी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ती काही सोडली नाही. बसमध्ये शेजारणीचे पाय सुजलेले दिसले, की तिचं मीठ बंद केल्याशिवाय त्यांचा स्टॉप यायचा नाही. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे, उल्हासकडे, आयर्लंडमध्ये मलिंगारला आल्या. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं आणि तीन महिन्यांचे सोळा महिने झाले. दुसरी एखादी बाई खिडकीत बसून रडली असती. शोभनाताईंनी पेशंट शोधला.

पेशंट शेजारीच होता. नोएल, वय वर्षं ऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा ऑस्ट्रेलियात. सरकारने म्हाताऱ्यांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. कुंपणापलीकडून दोन-चार दिवस गप्पा झाल्यावर शोभनाताईंच्या लक्षात आलं, की हा गृहस्थ ब्लडप्रेशरची गोळी आठवण आली तर घेतो, नाहीतर नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नऊला त्या कुंपणापाशी उभ्या राहून एकच शब्द विचारू लागल्या, "टॅबलेट?" आणि नोएल शाळेतल्या मुलासारखा गोळ्यांची पट्टी उंच धरून दाखवू लागला. त्या त्याला नोएलभाऊ म्हणत. तो त्यांना सिस्टर म्हणे. नातं दोन्हीकडून जुळलं.

नोएलभाऊंचा जीव एका जुन्या लाकडी बोटीत आणि तिच्या मागे लावायच्या अठ्ठावीस वर्षांच्या मोटरीत. गावाजवळच्या तळ्यावर मे महिन्यात पाण्यातून उडणाऱ्या माश्यांचे थवे निघतात आणि त्या खायला ट्राउट नावाचे मासे वर येतात. ते दोन-तीन आठवडे नोएलभाऊ वर्षभर पुरवून जगायचे. मिळालेला ट्राउट ते कुंपणावर ठेवायचे. शोभनाताई पक्क्या शाकाहारी. त्या मासा दोन बोटांत धरून गॅरेजमध्ये नेऊन ठेवत आणि उल्हास तो तिथेच शिजवून खाई.

त्या ऑक्टोबरात नोएलभाऊंची शेड गळायला लागली, म्हणून उल्हासने मोटर उचलून आपल्या गॅरेजमध्ये स्टँडवर लावली. खंडेनवमीला शोभनाताईंनी गॅरेजमध्येच पूजा मांडली. गाडी, उल्हासचा लॅपटॉप, सूनबाई माधवीचं शिलाई मशीन, आणि पाहुणी म्हणून ही मोटर. हळदकुंकू, सुपरमार्केटातल्या गुच्छातली पिवळी शेवंती. नोएलभाऊ दाराबाहेर अंतर राखून उभे होते. काय चाललंय ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी टोपी काढली.

मे उजाडला. तपासून बघायला मोटर पाण्याने भरलेल्या कचऱ्याच्या डब्यात उभी केली, दोरी ओढली, मोटर सुरूही झाली. पण तिच्या अंगातलं गरम पाणी कडेच्या बारीक भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडायला हवं, ते पडेना. पाणी फिरत नसेल तर मोटर जळते, म्हणून उल्हासने लगेच बंद केली. मग तो तीन संध्याकाळी तिच्यापुढे बसला. सगळे व्हिडिओ पाहिले, पंपाची रबरी चक्री मागवून नवी बसवली. भोक तेवढं कोरडं. व्हिडिओ कॉलवरच्या मेकॅनिकने भोक साफ केलं का विचारलं, तेव्हा उल्हासने ठासून हो सांगितलं. एकदा फुंकर मारली होती ना. मग मेकॅनिक म्हणाला, आतले मार्ग गंजून बुजलेत, एवढ्या जुन्या मोटरीवर खर्च करू नका, नवी घ्या.

उल्हासने नवी शोधूनही ठेवली. नोएलभाऊंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "या वयात नवी मोटर घेऊन काय करू? ती माझ्यामागे तीस वर्षं जगेल. बोट विकून टाकतो. इट्स ग्रँड."

त्या देशात पाऊस पडला तरी ग्रँड आणि पाय मोडला तरी ग्रँड. पण 'बरं आहे सिस्टर' म्हणून भिंतीकडे तोंड फिरवणारे पेशंट शोभनाताईंनी जन्मभर पाहिले होते. दुसऱ्या दिवशी नऊला त्यांनी विचारलं, तर नोएलभाऊंनी पट्टी वर धरलीच नाही. तिसऱ्या दिवशी धरली, तिच्यात गोळ्या तशाच होत्या.

शोभनाताई तडक गॅरेजमध्ये गेल्या, त्यांनी उल्हासला हाक मारली आणि नोएलभाऊंनाही दारापर्यंत आणवलं.

"काहून रे, पेशंटला लघवी होत नाही तर आधी काय बघतात?" त्यांनी मुलाला विचारलं. "नळी तुंबली का ते. तू एकदम किडनीला नावं ठेवून राहिला."

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, वाकून भोकात घातला, हलक्या हाताने फिरवला आणि ओढला. बोटाच्या पेराएवढी एक काळपट काडी बाहेर आली. तिला अजून हळद लागलेली होती.

शोभनाताईंना क्षणात सगळं आठवलं. गुळगुळीत मोटरीवर फूल ठरत नव्हतं, म्हणून त्यांनीच ते त्या भोकात खोचलं होतं. निर्माल्य उचलताना फूल हातात आलं, देठ आत राहिला. उल्हासला ती नुसती काडी वाटली होती. खाली टाकली असती तर कुणी विचारलं नसतं. पण चुकलेलं इंजेक्शनसुद्धा स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिणारी बाई ती. त्यांनी काडी तळहातावर घेतली आणि सांगितलं, "माझी चूक आहे, नोएलभाऊ. माझ्या फुलाने तुमची मोटर अडवली."

नोएलभाऊंनी वाकून काडी नीट पाहिली. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही तिच्याकडे काय मागितलं होतं?"

"मालकाला दर वेळी सुखरूप परत आण, म्हटलं."

नोएलभाऊंनी मान हलवली, ते पुढे झाले आणि त्यांनी स्वतः दोरी ओढली. मोटर धडधडली आणि भोकातून पाण्याची सणसणीत धार उल्हासच्या पँटवर पडली. शोभनाताई एवढ्या हसल्या, की त्यांना स्टूल द्यावं लागलं. नोएलभाऊंनी खिशातून पट्टी काढली आणि न विचारता गोळी घेतली.

त्या मेमध्ये ते अकरा वेळा तळ्यावर गेले आणि अकराही वेळा परत आले. जूनमध्ये शोभनाताई नागपूरला परतल्या. त्यांना फार चुकल्यासारखं वाटायचं. सकाळी नऊला तर हमखास.

ऑक्टोबरात खंडेनवमीला उल्हासने एक फोटो पाठवला. स्टँडवर मोटर, तिच्या कपाळावर बशीएवढं कुंकू, आणि पिवळी शेवंती. नोएलभाऊंनी ती मासे धरायच्या दोऱ्याने हँडलला बांधली होती, भोकापासून चांगली हातभर लांब. शेजारी, नैवेद्य ठेवावा तशी, गोळ्यांची पट्टी. शोभनाताईंनी फोटो मोठा करून आधी पट्टी तपासली. सगळी रिकामी होती. मग त्यांनी फुलाकडे पाहिलं, आणि त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.