देवघरातली डबी

जर्मनीत डार्मश्टाटला मुलाकडे राहायला आले त्याला आता सहावं वर्ष. गेल्या हिवाळ्यात माझं पोट दुखायला लागलं, रक्त कमी झालं, मग उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. वाटी धरली की निसटायची. इस्पितळात ठेवलं, पण तपासण्यांत कुणाला काही सापडेना.

मी होते त्या विभागाच्या मुख्य म्हणून एक बाई नुकत्याच नेमल्या होत्या. कोलंबियाच्या समुद्रकाठच्या, पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून तिथे नेलेले. त्या जागेवर बसलेली ही पहिलीच काळी बाई, म्हणून त्या दिवशी बाहेर केक, फुलं, टाळ्या चालल्या होत्या. मला ते ठाऊक नव्हतं. टाळ्या सोडून त्या माझ्या खाटेपाशी आल्या, तेव्हा मी सुनेला म्हटलं, "फरशी पुसायला आली असेल. डॉक्टर कधी येणार ते विचार."

"आई, याच डॉक्टर. सगळ्यांच्या वरच्या," सून दात आवळून म्हणाली.

बाईंना मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला. "हे मी बऱ्याच भाषांत ऐकलंय," त्या सुनेला म्हणाल्या आणि माझा लोंबता हात हातात घेऊन बसल्या. "घरचं काय घेता?"

"औषध? काही नाही." सगळ्यांना मी हेच सांगितलं होतं. गावच्या वैद्याची सांधेदुखीवरची पूड मी औषधात धरत नव्हते. आणि असलं डॉक्टरला सांगायचं नसतं, बंद करायला लावतात, हे आमच्याकडे सगळ्याच बायकांना माहीत असतं.

"औषध नाही विचारलं. माझी आजी तिची बाटली गादीखाली लपवायची. तुमची कुठे असते?"

मला हसू आलं. "देवघरात," मी म्हटलं. भाषांतर करताना सुनेचा आवाज बारीक झाला.

मुलाने डबी आणून दिली. पुडीत शिसं निघालं, माझ्या रक्तातही निघालं. हे सांगायला बाई स्वतः आल्या. हात बराचसा सुधारेल म्हणाल्या. मग विचारलं, "घरात ही पूड आणखी कोण खातं?"

"नाही, कोणी नाही," सुनेने मला न विचारताच जर्मनमध्ये सांगितलं.

बाई उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत बसल्या.

"तुझ्या पोरीला देते," मी सुनेला म्हटलं. "चिमूटभर, मधातून. अंगात ताकद यावी म्हणून. तू कामाला गेलीस की."

सून कोट तिथेच टाकून पोरीला आणायला पाळणाघराकडे पळाली.

नातीच्या रक्तातही शिसं आहे. ती तीन वर्षांची झाली, पण धड दोन शब्द जोडत नाही. घरात मराठी, बाहेर जर्मन, म्हणून उशीर होतोय असं आम्ही सगळे म्हणत होतो. मी बाईंना तेच म्हणून बघितलं.

"त्यानेही असेल, पुडीनेही असेल," त्या म्हणाल्या. "वाढेल तसं कळेल. खोटा धीर मी देत नाही."

आधीच्या डॉक्टरांनी मला चांगल्या गोळ्या दिल्या, गोड बोलले. खरं काय ते या बाईंनी काढून घेतलं, तेही मी तसं बोलल्यावर. हे त्यांचं मोठेपण मी कुणापुढेही सांगेन.

पोरीचं रक्त पुन्हा तपासायचंय. सून आता तिला माझ्याजवळ एकटी सोडत नाही. बाथरूमलाही सोबत नेते. बरोबरच करते.